पाय दाखवा

त्या बाई माझ्याकडे चौथ्यांदा आल्या होत्या. 'आल्या होत्या' हे म्हणण्यापुरते. त्या होत्या ऐंशी किलोमीटरवरच्या एका उपकेंद्रात आणि मी जिल्ह्याच्या ठिकाणी, एका लहानशा खोलीत, लॅपटॉपसमोर. वय साठीच्या आसपास, मधुमेह अकरा वर्षांचा, आणि साखर काही केल्या आटोक्यात येत नव्हती. आधीच्या तीन सल्ल्यांत मी मेटफॉर्मिनची मात्रा वाढवली, मग दुसरी गोळी जोडली आणि तिसऱ्या वेळी 'पथ्य पाळत नाही तुम्ही' असे जरा घुश्शातच बोललो. चौथ्या वेळी बोलणे संपत आले असताना तिथल्या समुदाय आरोग्य अधिकारी मॅडम "सर, एक मिनिट" म्हणाल्या, आणि मला काही कळायच्या आत पडद्यावरची निळी भिंत, लसीकरणाचा तक्ता, खुर्चीचा पाय असे सगळे झरझर वर सरकून गेले. शेवटी स्थिरावले ते एक पाऊल. अंगठ्याच्या बुडाशी चिंधी बांधलेली होती, तिच्यावर हळदीचा डाग होता आणि मॅडमनी ती सोडल्यावर आत दिसली ती रुपयाच्या नाण्याएवढी जखम, कडा पांढऱ्या पडलेल्या. "दुखत नाही म्हणतात, सर," मॅडम म्हणाल्या.

दुखणार कसे? अकरा वर्षांच्या साखरेने तळपायाची जाणीवच गेली होती. जखमेत संसर्ग होता, संसर्गामुळे साखर चढत होती आणि मी मात्र तीन महिने गोळ्यांची गणिते मांडत बसलो होतो. मी पाय दाखवा असे म्हटलेच नव्हते.

हीच बाई माझ्या बाह्यरुग्ण विभागात दारातून चालत आली असती तर तिचे किंचित लंगडणे मला खुर्चीत बसल्या बसल्या दिसले असते. एका पायातली चप्पल टाचेकडून मोकळी ठेवलेली दिसली असती आणि कदाचित जखमेचा वासही आला असता. समोर बसलेला रुग्ण न विचारताही पुष्कळ काही सांगून जातो. पडद्यावर मात्र आपण जे मागतो तेवढेच मिळते आणि मागायचे काय, हे सुचायला आपल्याला शंका आधी यावी लागते. गेली काही वर्षे दूरसल्ला देण्याचे काम केल्यावर माझे असे पक्के मत झाले आहे की या कामातले तज्ज्ञपण पदवीत फार थोडे असते. आपले डोळे आणि हात दुसऱ्या कोणाचे तरी आहेत हे ओळखून त्या माणसाबरोबर काम करण्यात ते असते आणि ते मला कोणत्याही महाविद्यालयाने शिकवले नव्हते.

दूरवरून रोगी तपासण्याची कल्पना आपल्याला करोनाच्या काळातली वाटते. ती जवळजवळ सव्वाशे वर्षे जुनी आहे. नेदरलँड्समधल्या लायडन येथे विलेम आइंटहोव्हेन यांनी हृदयाचा आलेख काढणारे जे यंत्र बनवले होते, ते काही मणांचे धूड होते आणि ते चालवायला चार-पाच माणसे लागत. ते रुग्णालयात नेणे शक्य नव्हते आणि अंथरुणाला खिळलेले हृदयरोगी प्रयोगशाळेत आणणेही शक्य नव्हते. म्हणून १९०५ साली त्यांनी रुग्णालयापासून प्रयोगशाळेपर्यंत सुमारे दीड किलोमीटर टेलिफोनची तार वापरली. रुग्णाचे हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत आणि त्याच्या हृदयाचा आलेख तिकडे प्रयोगशाळेत. या प्रसंगाची आठवण मी मुद्दाम ठेवतो, कारण त्या तारेच्या रुग्णालयाकडच्या टोकाला कोणीतरी उभे होते, ज्याने रुग्णाचे हात नीट पाण्यात बुडवले आणि त्याला हलू दिले नाही. आलेख आइंटहोव्हेन यांच्या नावावर जमा झाला, आणि तसा तो व्हायलाही हवा. पण त्या माणसाने काम नीट केले नसते तर तिकडे नुसत्या थरथरणाऱ्या रेघा उमटल्या असत्या.

आपल्याकडे आंध्र प्रदेशातल्या चित्तूर जिल्ह्यातील अरगोंडा या गावचे अपोलोचे छोटे रुग्णालय मार्च २००० मध्ये दूरवैद्यकासाठी गाजले, कारण त्याचे उद्घाटन त्या वेळचे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी केले होते. पुढच्या वर्षी इस्रोने उपग्रहाद्वारे ते चेन्नईशी जोडले. त्यानंतर बरीच वर्षे दूरवैद्यक म्हणजे तबकडीसारखा अँटेना, वातानुकूलित खोली आणि उद्घाटनाची फीत असेच चित्र राहिले. खरा बदल झाला तो उपकेंद्रात माणूस आल्यावर. २०१८ नंतर उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रे होऊ लागली, तिथे समुदाय आरोग्य अधिकारी हे पद आले, आणि सी-डॅक या सरकारी संगणक-संस्थेच्या मोहाली केंद्राने बनवलेली ई-संजीवनी ही दूरसल्ल्याची सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली, तेव्हा पडद्याच्या त्या टोकाला रक्तदाब मोजणारा, साखर तपासणारा आणि औषध देणारा शिकलेला माणूस प्रथमच नेमाने बसू लागला. फेब्रुवारी २०२३ पर्यंत या सेवेतून दहा कोटी सल्ले दिले गेले होते. अशा प्रत्येक सल्ल्याच्या नोंदीत डॉक्टरचे नाव आणि नोंदणी क्रमांक ठळक असतो; ज्याने पोटाला हात लावून पाहिले त्याचे नाव मात्र रुग्णाच्याही लक्षात राहत नाही.

आता हा हात लावून पाहण्याचा प्रकार कसा चालतो ते सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला, आणि खरे तर शहरातल्या माझ्या बऱ्याच व्यवसायबंधूंनाही, तो ठाऊक नसतो. पोटात दुखणारा रुग्ण असला की मी मॅडमना सांगतो की कॅमेरा पोटावर नको, चेहऱ्यावर ठेवा आणि तुम्ही हळूहळू पोट दाबत चला. कोणत्या क्षणी कपाळाला आठी पडते आणि ओठ आवळले जातात ते मी पाहतो, आणि त्या क्षणी हात कुठे होता ते त्या सांगतात. पायावर सूज आहे का, असे नुसते विचारले तर 'थोडी आहे' असे उत्तर येते आणि त्याचा काही उपयोग नसतो. म्हणून नडगीच्या हाडावर अंगठ्याने दाबून मनात दहापर्यंत मोजा, मग अंगठा उचला आणि खड्डा मला दाखवा, असे सांगतो. डोळ्याची खालची पापणी ओढून पांढुरकेपणा पाहायचा तर ट्यूबलाइटच्या उजेडात कॅमेरा हमखास फसवतो, तेव्हा मॅडमनी स्वतःचा तळहात शेजारी धरायचा आणि मी दोन्ही रंगांतला फरक पाहायचा. ही शेवटची युक्ती माझी नाही, एका उपकेंद्राच्या मॅडमची आहे. मी ती आता सगळीकडे आपली म्हणून सांगतो.

यंत्रे आहेत, पण यंत्रांच्याही खोडी असतात. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर नखपॉलिशवर आणि गार पडलेल्या बोटांवर चुकीचा आकडा दाखवू शकते. मागच्या थंडीत ८२ असा आकडा सांगणारा फोन आला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. पण पडद्यावरचा मनुष्य वाक्यावाक्याला न थांबता, धाप न लागता, उसाला पाणी देऊन थेट इकडे आल्याची हकिगत रंगवून सांगत होता. त्याला हात चोळून ऊब द्यायला सांगितले आणि पाच मिनिटांत आकडा ९७ झाला. याच्या उलट एक आकडा मला नेहमी अस्वस्थ करतो तो श्वासाचा. नोंदीत मिनिटाला २० असे लिहिलेले असते आणि ते बहुतेक वेळा मोजलेले नसते. हे केवळ उपकेंद्रातच होते असे नाही. मोठ्या रुग्णालयांच्या वॉर्डांतही सकाळच्या नोंदी पाहाव्यात, सगळा वॉर्ड मिनिटाला वीसच्या तालात श्वास घेत असतो! लहान मुलाच्या न्यूमोनियात मात्र हाच आकडा सगळ्यात महत्त्वाचा असतो, एक ते पाच वर्षांच्या मुलात चाळीस आणि त्यावर गेला की सावध व्हायचे असते. म्हणून मूल शांत असताना त्याचा सदरा वर करायला सांगून, फोन त्याच्या पोटासमोर धरायला लावून, पूर्ण एक मिनिट मी स्वतः मोजतो. ते एक मिनिट फार लांब वाटते. बाहेर रांग असते आणि पलीकडे आईला वाटते की संपर्क तुटला.

ऐकण्याची गोष्ट पाहण्याहून अवघड. प्रत्यक्ष भेटीत रुग्णाचे शब्द थोडे अंधुक राहिले तरी तपासणीत भरून काढता येतात; इथे शब्दांवर भिस्त जास्त. 'घाबरं होतंय' म्हणजे भीती वाटते आहे असे नव्हे. छातीत धडधडणे, घुसमटणे, अंगाला घाम सुटणे यांपैकी काहीही त्यात असू शकते, आणि ते नेमके काय हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. 'कणकण' आणि 'ताप' यांत बाई फरक करते तो खरा असतो. 'पोटऱ्या भरून येतात', 'डोकं धरतं', 'छातीत गच्च होतं', 'अंगावरून जातं' हे सगळे शब्द एकेका रोगाच्या दारापर्यंत नेऊन सोडतात, पण ऐकणाऱ्याला ते कानावरून गेलेले असावे लागतात. इंग्रजी माध्यमात शिकून आलेला एखादा हुशार तरुण डॉक्टर पहिल्या आठवड्यात इथे अडखळतो तो वैद्यकशास्त्रापाशी नव्हे, या शब्दांपाशी. त्यातून सून सासूच्या वतीने बोलत असते, नवरा बायकोच्या वतीने. मी आग्रहाने म्हणतो, "आजी, तुम्हीच सांगा," आणि आजी सुनेकडे पाहतात. अशा वेळी मॅडमनी सुनेला औषधांची जुनी पाकिटे आणण्याच्या निमित्ताने बाहेर पाठवले, तर पुढच्या दोन मिनिटांत खरी तक्रार कळते.

सगळ्याच शाखांना दुरून काम करणे सारखे जड जात नाही. क्ष-किरणतज्ज्ञ आधीपासूनच रुग्णापेक्षा चित्राशी जास्त बोलत आले आहेत, त्यामुळे त्यांना अंतराचे फारसे काही नाही. बंगळुरूत बसून अमेरिकेतल्या मध्यरात्रीच्या स्कॅनचे अहवाल देण्याचे काम वीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे. मानसोपचारात स्पर्शाची गरज कमी, पण एकांताची गरज मोठी. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानस या सेवेचा १४४१६ हा क्रमांक कोणीही फिरवू शकतो. प्रश्न येतो तो घरात फोन कुठे बसून करायचा हा. माझे एक मानसोपचारतज्ज्ञ मित्र सांगतात की त्यांचे निम्मे रुग्ण गच्चीवरून, गोठ्यातून किंवा उभ्या मोटारसायकलवर बसून बोलतात, आणि बोलता बोलता एकदम 'हो, हो, खत मिळालं' असे म्हणू लागले की कोणीतरी जवळ आले असे समजून घ्यायचे.

हृदयविकाराच्या झटक्यात तर दूरच्या तज्ज्ञाचे मोल मिनिटांत मोजता येते. गोव्यात बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातले हृदयरोगतज्ज्ञ केंद्रस्थानी ठेवून गावोगावची आरोग्य केंद्रे त्यांना जोडली आहेत. तिथे काढलेला ईसीजी लगेच वाचला जातो, आणि मोठी रक्तवाहिनी बंद झाल्याचे दिसले तर गुठळी विरघळवणारे टेनेक्टेप्लेज हे इंजेक्शन रुग्णाला त्या केंद्रातच देऊन मग बांबोळीला हलवतात. हृदयाच्या स्नायूला रक्त मिळेनासे झाले की दर मिनिटाला त्याचा काही भाग कायमचा जातो. रुग्णवाहिकेत गेलेला तासभर परत मिळत नाही. यात तज्ज्ञाचे काम आलेख वाचून निर्णय घेण्याचे. पण रात्री दोन वाजता छातीवर पट्ट्या बरोबर जागी लावणे, इंजेक्शनची मात्रा वजनावरून ठरवणे आणि घाबरलेल्या नातेवाइकांना 'इथेच द्यायचे आहे, थांबा' असे ठामपणे सांगणे हे आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर आणि परिचारिकेचे काम आहे, आणि ते काम करायला छाती लागते.

माझ्या स्वतःच्या वाट्याला असे प्रसंग कमी आले. एक मात्र नीट आठवतो. डिसेंबरचा महिना होता, एक बाई 'पित्त झालंय, छातीत जळजळतंय, गोळी द्या' म्हणून आल्या होत्या. मी प्रश्न विचारत होतो आणि त्या उत्तरे देता देता पदराने मानेचा घाम पुसत होत्या. पंखा बंद होता, मॅडमनी स्वेटर घातला होता आणि या बाईंना घाम येत होता. मी बोलणे तिथेच थांबवले, ॲस्पिरिन चावून खायला दिली आणि १०८ ला फोन करायला सांगितले. पित्ताची गोळी न मिळाल्याबद्दल त्या बाई माझ्यावर चांगल्याच नाराज झाल्या. तीन दिवसांनी निरोप आला की झटकाच होता आणि त्या सुखरूप आहेत.

हे सगळे कायद्याच्या कोणत्या चौकटीत चालते, हा प्रश्न २०२० पर्यंत फार बोचरा होता. रत्नागिरीतल्या एका प्रकरणात २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने डॉक्टरांचा अटकपूर्व जामीन नाकारताना, निदान न करता औषध सुचवणे हा निष्काळजीपणा आहे अशा अर्थाचे कडक भाष्य केले, आणि तेव्हापासून फोनवर 'पॅरासिटामॉल घ्या' म्हणायलाही आमची मंडळी कचरू लागली. वास्तविक त्या प्रकरणात प्रसूतीनंतर आजारी पडलेल्या स्त्रीला पाहायला जागेवर डॉक्टरच नव्हते, हा मूळ प्रश्न होता. पण भीती पसरते तेव्हा निकालपत्र कोण वाचतो? पुढे टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, २५ मार्च २०२० रोजी, दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे आली. औषधांच्या याद्या ठरल्या: साधी औषधे कोणत्याही माध्यमातून सुचवता येतात, काही औषधांसाठी पहिल्या भेटीत व्हिडिओ आवश्यक, काही फक्त त्याच आजारासाठी आधी प्रत्यक्ष पाहिलेल्या रुग्णाला पुढच्या सल्ल्यात जोड म्हणून, आणि अमली व तत्सम औषधे अजिबात नाहीत. यंत्रबुद्धीने, म्हणजे एआयने, रुग्णाला परस्पर सल्ला देऊ नये किंवा औषध लिहून देऊ नये, हेही त्यात स्पष्ट आहे. मला त्यातले सर्वांत उपयोगी कलम वाटते ते वेगळेच. दुरून हा रुग्ण पाहणे योग्य आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार डॉक्टरला आहे आणि कोणत्याही टप्प्यावर तो 'प्रत्यक्ष दाखवा' असे सांगून सल्ला थांबवू शकतो. हा अधिकार मी दिवसातून पाच-सहा वेळा वापरतो आणि तो न वापरणाऱ्या दूरसल्लागाराची मला धास्ती वाटते.

तो वापरला की आकडे बिघडतात, ही दुसरी बाजू. वरून दिवसाच्या सल्ल्यांचा आकडा विचारला जातो. तो भरायचा म्हणून महिन्याच्या अखेरीस सर्दीचे, नुसत्या रक्तदाब-तपासणीचे आणि क्वचित कर्मचाऱ्यांचे स्वतःचेच फोन येऊ लागतात. दोन्ही टोकांना सगळ्यांना ते ठाऊक असते आणि कोणी बोलत नाही. त्या दिवशी मधुमेहाच्या त्या बाईंचा चौथा सल्ला लागला तोही अशाच गर्दीत. मॅडमना कॅमेरा खाली न्यायची सवड मिळाली हेच नवल.

न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की येथील यकृततज्ज्ञ डॉ. संजीव अरोरा यांनी तज्ज्ञ दूर असण्याच्या दुखण्यावर जे केले ते मला फार शहाणपणाचे वाटते. हेपटायटिस-सीचे रुग्ण त्यांच्याकडे यायला महिनोन्महिने थांबत, शेकडो मैल प्रवास करत. २००३ मध्ये त्यांनी दूरचे रुग्ण स्वतः पाहण्याऐवजी गावांतल्या आणि तुरुंगांतल्या डॉक्टर-परिचारिकांना आठवड्यातून एकदा पडद्यावर जमवून त्यांच्याच रुग्णांची चर्चा सुरू केली. या उपक्रमाला 'एको' म्हणतात. २०११ साली ४०७ रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा विद्यापीठाच्या दवाखान्यात ५७.५ टक्के आणि गावांतल्या ठिकाणी ५८.२ टक्के रुग्णांच्या रक्तातून विषाणू नाहीसा झाला होता. म्हणजे तज्ज्ञाने दुरून रुग्ण पाहिलाच नाही. त्याने तिथल्या माणसाला तयार केले आणि निकाल तोच आला.

त्यावरून उचलून आम्ही आमच्यापुरता एक छोटा उद्योग गेल्या पावसाळ्यात सुरू केला. दर गुरुवारी दुपारी तीन वाजता, नेटवर्क असेल तर, वीसेक उपकेंद्रे आणि आम्ही दोन फिजिशियन तासभर बसतो. पहिल्या गुरुवारी मी मधुमेहाचा पाय शिकवायला घेतला आणि सुरुवातीलाच माझी ती तीन महिन्यांची चूक सांगितली. थोडा वेळ कोणीच बोलले नाही, मग एकीने विचारले, "सर, मग आम्ही न विचारता पाय दाखवला तर चालेल ना?" तिला हा प्रश्न विचारावा लागला याचे मला वाईट वाटले. त्यानंतर मात्र पडदा सुरू झाला की अनेकदा मला चेहऱ्याच्या आधी पावलेच दिसतात, आणि बिचाऱ्या म्हाताऱ्या माणसांना वाटते की डॉक्टरांच्या तपासणीची हीच रीत असावी.

त्या बाईंची जखम भरायला साडेतीन महिने लागले, अंगठा वाचला. येत्या गुरुवारी शिकवण्याची पाळी त्यांच्या उपकेंद्राच्या मॅडमची आहे. त्यांनी विषय कळवला आहे: त्यांच्या भागातल्या बायका अंगावरून पाणी जाण्याला आणि मासिक पाळीच्या तक्रारींना कोणते शब्द वापरतात, आणि 'सर लोकांना' ते कसे कळत नाहीत. मी वही घेऊन बसणार आहे.